चित्कळेची पहिली सांज

एका राज्यात सूर्य सगळीकडे मावळत असे. फक्त एका आवारात तो मावळत नसे.

ते आवार होते दिनकेतू नावाच्या जादूगाराचे. दिनकेतूचा धंदा कापड रंगवण्याचा. त्याच्या हौदातली नीळ साऱ्या राज्यात नावाजलेली. राजाचा फेटा तिथूनच रंगून जाई, राणीचा शेलाही. आणि ऊन असले की ओले कापड भरभर वाळते, एवढे तर जादू न येणाऱ्यालाही कळते. पण त्या आवारात ऊन कायमचे का असते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. माल वेळेवर मिळत होता ना, मग झाले.

त्या राज्याची एक रीत होती. मजुरी रोजची, आणि ती सांज झाल्यावर, कारखान्याच्या उंबऱ्यावर. धन्याने मापाने जोंधळे घ्यायचे, मजुराच्या ओटीत घालायचे, आणि मगच मजुराने उंबरा ओलांडून घरी जायचे. दिवस पुरा होण्याआधी जो उंबरा ओलांडेल, त्याने त्या दिवसाचा दाणाही मागायचा नाही. रीत वाईट नव्हती. घालणाऱ्यांच्या मनात पापही नव्हते. पण चांगल्या रीतीलाही कुठेतरी फट राहून जाते, आणि दिनकेतूची नजर नेमकी अशा फटींवर असे.

त्याच राज्यात चित्कळा नावाची एक बाई राहत होती. घरात ती आणि तिची मुलगी वेणू, एवढीच माणसे. वेणू इतकी लहान, की दाराची कडी तिच्या हाताला पोचत नसे. घरातले धान्य सरले, तेव्हा चित्कळेने मुलीला शेजारणीच्या स्वाधीन केले आणि ती दिनकेतूकडे कामाला निघाली. वेणूने पदर धरला.

"कधी येशील?"

"दिवेलागणीला."

"नक्की?"

"तू उंबऱ्यावर दिवा लाव. तो लागला, की मी आलेच."

वाटेत चित्कळेने एक चिंच उचलली. ती चघळत चघळत दिनकेतूच्या दारापर्यंत आली, आणि आत पाऊल टाकण्याआधी तिने चिंचोका बाहेरच थुंकून टाकला. हा चिंचोका लक्षात असू द्या.

आत निळीचे हौद होते, मधोमध एक जुना निंब होता, आणि काठ्यांनी कापड ढवळणारी, पिळणारी, दोऱ्यांवर टाकणारी बायामाणसे होती. तान्हूमावशी नावाच्या म्हातारीने चित्कळेला काम दाखवले. चित्कळेने पहिले कापड बुडवले, पण तिचे मन वेणूपाशी होते, आणि कापडावर पांढरा डाग राहून गेला. दिनकेतूने ते डागी कापड बाजूला ठेवले. टाकून मात्र दिले नाही. त्याच्या आवारातून काहीच वाया जात नसे.

ऊन कलले. निंबाच्या सावलीचे टोक पलीकडच्या हौदाला टेकायला वीतभर उरले. ते टेकले की सांज, असे चित्कळेने मनाशी ठरवले आणि ती कामाला लागली. कापड बुडवावे, वर पाहावे. पिळावे, वर पाहावे. पण ती वीत काही सरेना. भूक लागेना, कारण भूक सांजेला लागायची. झोप येईना, कारण झोप सांजेनंतर यायची. हात मात्र दुखत राहिले. त्यांना वेळकाळ नव्हता.

आता चित्कळेचा स्वभाव असा, की काही चमत्कारिक दिसले आणि तिने विचारले नाही, असे कधी झाले नाही. या स्वभावापायी लहानपणी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती.

"मावशी, ही सावली हलत का नाही?"

"नगं बघू तिच्याकडं," तान्हूमावशी म्हणाली. "बघत बसलं की दिस लांबतोय."

"तुम्ही इथं कधीपासून आहात?"

"सकाळधरनं."

चित्कळेचे लक्ष मावशीच्या काठीकडे गेले. जिथे मावशी ती धरत असे, तिथे जाडजूड बाभळीचे लाकूड झिजून करंगळीएवढे झाले होते.

"नुसत्या सकाळपासून?"

"मग काय तर! आता गं काय, थोडंच राह्यलंय. मधीच उठलं तर आत्तापत्तूरचं समदं बुडंल."

चित्कळेने दुसरीला विचारले, तिसऱ्याला विचारले. सगळ्यांचे एकच उत्तर. थोडंच राहिलंय. त्या आवाराचे दार सताड उघडे होते, बरे का! ना पहारा, ना कुलूप. दिनकेतूला त्याची गरजच नव्हती. जितका वेळ जास्त बुडाला, तितके उठणे अवघड, हे त्याने पुरते ओळखले होते.

मग एकदा दाराजवळच्या दोरीवर कापड टाकताना चित्कळेने सहज बाहेर पाहिले. दारासमोर चिंचेचे एक मोठे झाड उभे होते. फांद्या चिंचांनी लगडलेल्या. ती येताना तिथे झाड नव्हते. ती पाहत राहिली. बाहेर त्या झाडाची सावली सरसर लांबली, अंधारात मिसळली, पुन्हा सकाळच्या उन्हात उगवली; आणि इतके सगळे झाले, तरी आत निंबाची सावली तिथल्या तिथेच होती.

तिला आधी नवल वाटले. मग वेणू आठवली, आणि हातातले कापड तसेच टाकून ती ओसरीकडे निघाली.

दिनकेतू ओसरीत झोपाळ्यावर बसला होता. त्याचे डोळे लाल होते आणि त्याला एकामागून एक जांभया येत होत्या. चित्कळा पुढे होऊन उभी राहिली.

"धनी, दिवस संपला. माझी मजुरी द्या."

दिनकेतूने बोटाने आकाश दाखवले. "ऊन आहे."

"दारात चिंच वाढली."

"बाहेरची झाडे माझ्याकडे कामाला नाहीत."

"मग दिवस संपला, हे कुणी सांगायचं?"

हा प्रश्न आजवर त्याला कुणी विचारला नव्हता. दिनकेतूला गंमत वाटली. ज्याला झोप नाही, त्याला करमणुकीची फार हौस असते.

"साक्षीदार आण," तो म्हणाला. "तीन. एक मुळांचा, एक पंखांचा, एक पायांचा. तिघेही याच आवारातले हवेत. तिघांनी आपण होऊन म्हणावे, की दिवस संपला. मग मी उंबऱ्यावर मजुरी देईन. तुला, आणि सगळ्यांना."

"शब्द?"

"शब्द."

जादूगाराची सारी जादू शब्दावर चालते. शब्द मोडला, तर जादूही मोडते. म्हणून तो देताना दिनकेतूने विचार केला होता; पण फारसा नाही.

हौदाच्या कडेला गुलबक्षीचे एक झुडूप होते. गुलबक्षी सांजेला उमलते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. ते झुडूप कळ्यांनी भरले होते, पण एकही फूल नव्हते. चित्कळेने निळीत दोनदा बुडवलेले गडद कापड आणले आणि झुडपावर टाकले. आत अंधार झाला. तिने कान दिला.

"काढ ते," आतून कळी म्हणाली. "ओले आहे."

"सांज झाली ना?"

"हा कापडाचा अंधार आहे. सांज वेगळी असते. मला फसवायला निघालीस, तर धन्यात आणि तुझ्यात फरक काय?"

चित्कळा ओशाळली. तिने कापड काढले. मग ती निंबाकडे गेली. निंबाच्या ढोलीत एक पिंगळा, रात्री जागणारे ते छोटे घुबड, झोपलेला होता. तो कधीपासून झोपला होता, हे त्यालाही सांगता आले नसते. चित्कळेने ढोलीवर टकटक केले.

"कोण आहे?"

"मी चित्कळा. दिवस संपला, असं म्हणाल का?"

"उजेड आहे. झोपू दे."

"पण हा उजेड संपतच नाही!"

पिंगळ्याने एक डोळा उघडला. "मलाही तेच वाटत होते. फार झोप झाली. पाठ धरली माझी." मग दुसरा डोळा उघडून तो म्हणाला, "चमत्कारिक म्हणजे, मला सांजेचा वास येतो. रोज येतो. पण वरून नाही, खालून."

"खालून म्हणजे?"

"मोठ्या हौदामागे दगडी झाकण आहे. त्याच्या खालून. आता जाऊ देशील मला झोपायला?"

चित्कळेने झाकण सरकवले. खाली पायऱ्या होत्या. पायऱ्या संपल्या तिथे एक तळघर होते, आणि तळघरात गाडगी होती. एकावर एक, उतरंडीच्या उतरंडी, जिथवर नजर जाईल तिथवर. प्रत्येक गाडग्याच्या तोंडाला निळ्या कापडाचा दादरा बांधलेला, आणि कापड सगळे डागी. चित्कळेच्या लक्षात आले. वरच्या मंडळींची वाया गेलेली कापडे ही अशी कामी आली होती. त्या राज्यात सांज सगळ्यांची मिळून एक नसे; माणसागणिक वेगळी असे, आणि ती जिकडे आपले माणूस असेल तिकडे खाली उतरे. आवारावर उतरणारी एकेकाची सांज दिनकेतू वरच्यावर धरी आणि गाडग्यात कोंडी.

ओळखीचा पांढरा डाग तिला लगेच दिसला. तिचे पहिले कापड. तिने गाठीला हात लावला मात्र, गाठ सैल झाली. दादरा जरासा उचलून तिने आत वाकून पाहिले. आतून चुलीच्या धुराचा वास आला. दूर कुठेतरी गुरांच्या घंटा वाजल्या. आणि अगदी स्पष्ट, अगदी जवळून, एक बारीक आवाज आला.

"आई, दिवा लावलाय मी."

चित्कळेने दादरा दाबून धरला आणि ती तिथेच खाली बसून रडली.

पिंगळा पायरीवर येऊन बसला होता. वासाने त्याची झोप पुरती उडाली होती.

"ऐक," तो म्हणाला. "गाठ धन्याने बांधली, पण ज्याची सांज आहे, त्याच्याच हाताने ती सुटते. म्हणून हा एवढा ठेवा असून त्या माणसाला डुलकी लागत नाही. त्याची स्वतःची सांजही यातच कुठेतरी पडली असेल, आणि आता त्याला ती सापडत नाही."

"ही मी घरी नेली तर?"

"घरी जाऊन सोड. जी सांज बुडाली, ती तुला परत मिळेल, आहे तशी. दार उघडेच आहे. ओटीत मावतील तेवढी घे आणि नीघ."

"आणि साक्ष?"

पिंगळ्याने मान फिरवली. त्याला हे सांगायचे नव्हते. "साक्षीला हीच लागेल. तो म्हणतो, तुझा पहिला दिवसच अजून संपलेला नाही. मग त्या दिवसाची सांज वर नेऊन सोडायला हवी. पण जी सांज आवारात सोडशील, ती खर्च झाली. घरी ती कधीच मिळणार नाही."

चित्कळेने आपली गाडगी पाहिली. ओटीत मावली असती पाच-सहा. बाकीची राहिली असती. तिच्या ओळीपलीकडे एका ओळीच्या दादऱ्यांवर तान्हूमावशीच्या हातचा आडवा डाग होता, आणि ती ओळ भिंतीपर्यंत जाऊन वळली होती. वरून काठ्यांचा आवाज येत होता. धप्, धप्, धप्.

मनात आले, की पळावे. का येऊ नये? तिचे लेकरू दारात उभे होते. तिने ते गाडगे उराशी धरले, पुष्कळ वेळ धरले, आणि मग ती पायऱ्या चढून वर आली.

हौदाजवळ बसून तिने गाठ सोडली.

गाडग्यातून आधी गार वारा आला. मग केशरी उजेड आला, आणि तो हळूहळू जमिनीवर पसरला. निंबाची सावली सरकली. वीतभर अंतर गेले आणि तिचे टोक हौदाला टेकले. चित्कळेने कान टवकारले होते, पण तो बारीक आवाज पुन्हा आला नाही. तो हवेत विरून गेला होता.

गुलबक्षीच्या कळ्या एकामागून एक उमलल्या. "दिवस संपला," गुलबक्षी म्हणाली.

पिंगळ्याने पंख झाडले. "दिवस संपला. केव्हाच संपला होता."

दिनकेतू झोपाळ्यावरून उठून आला. त्याचा चेहरा उतरला होता, तरी आवाज तसाच होता. "आणि पायांचा?"

चित्कळा तान्हूमावशीकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा."

सगळ्यांचे हात थबकले. तान्हूमावशी काठी धरून उभी होती. तिने एकदा गुलबक्षीकडे पाहिले, एकदा धन्याकडे.

"सांगितलं, आन् धनी न्हाई म्हणले, तर? माझं समदं जाईल, लेकी. तुझं आजचं हाय. माझं लई हाय."

"मावशी, तुमची काठी बघा."

मावशीने काठीकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच पाहावे तसे पाहिले. नेमका तेव्हा चित्कळेच्या सांजेतला तो चुलीचा धूर वाहत वाहत तिच्यापर्यंत आला. मावशीने नाक वर केले. तिचा हात पोटावर गेला, आणि एवढ्या काळाची भूक तिला एकदम लागली.

"अगं बया!" मावशी म्हणाली. "भूक लागली की गं मला!" आणि तिने काठी हौदात टाकून दिली. "संपला दिस. आता एक कापडबी बुडवनार न्हाई मी. संपला!"

मग साऱ्या आवारात काठ्या पडल्याचा आवाज झाला. वरचे ऊन विझले. अडकून पडलेला सूर्य एकदाचा मावळला.

दिनकेतू शब्दाने बांधलेला होता. तो उंबऱ्यावर उभा राहून ज्याची त्याची मजुरी देऊ लागला. जोंधळे दिलेच, आणि संपलेल्या दिवसांच्या सांजा अडवून ठेवता येत नाहीत, म्हणून तळघरातली गाडगीही ज्याची त्याला दिली. देता देता सगळ्यात खालच्या उतरंडीत एक धुळीने भरलेले गाडगे निघाले. त्याच्यावरच्या कापडाचा रंग त्याच्या स्वतःच्या हातचा होता. हा धंदा सुरू केला त्या दिवशीची त्याची सांज. त्याने गाठ सोडली, उंबऱ्याशीच आडवा झाला आणि घोरू लागला. मंडळी त्याला ओलांडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी राजा आला. मजुरांचा न्याय करायला तो आला असता की नाही, देव जाणे. पण दिनकेतूने करही 'दिवस संपल्यावर देतो' असे सांगून थकवला होता, हे कळल्यावर तो स्वतः घोड्यावर बसून आला. दिनकेतूला झोपेतच उचलून नेले. तो अजून झोपलेला आहे, असे म्हणतात. राजाने आज्ञा काढली, की ज्याच्याकडे चार माणसे कामाला आहेत, त्याने दारात गुलबक्षी लावावी. ती उमलली की हातातले काम खाली, आणि मजुरी ओटीत. राजांच्या सगळ्याच आज्ञा टिकत नाहीत. ही टिकली, कारण तान्हूमावशी तिन्हीसांजेला कारखान्यांवरून फेरी मारत असे, आणि तिच्या तोंडाला लागण्याची कुणाची छाती नव्हती.

चित्कळा मात्र मजुरी मिळाली त्याच संध्याकाळी गाडग्यांची गाडी घेऊन घरी पोचली होती. उंबऱ्यावर दिवा होता. दारात तिच्याच वयाची एक बाई उभी होती.

"कोण हवंय?" त्या बाईने विचारले.

"वेणू," चित्कळा म्हणाली.

ती बाई तिच्याकडे पाहत राहिली. तिने दार लावले नाही, पण ती बाजूलाही झाली नाही. "माझी आई दिवेलागणीला येते म्हणाली होती," ती म्हणाली. "मी रोज दिवा लावला. मोठी झाले तरी लावला. कशासाठी लावते, तेही मग आठवेनासं झालं."

 चित्कळेने गाडीतले एक गाडगे उतरवले आणि उंबऱ्यावर ठेवून गाठ सोडली. केशरी उजेड पसरला. त्या उजेडात एक लहानगी पोर दारात आली, "आई आली!" म्हणत चित्कळेच्या कमरेला बिलगली, आणि चित्कळा तिच्या केसांत अडकलेली कुसळे काढत बसली. उजेड सरला तेव्हा पोर नव्हती. थोरली वेणू खांबाला टेकून उभी होती, आणि तिचा हात आपल्याच केसांवर होता.

"तू कुसळं काढलीस," ती नवलाने म्हणाली. "त्या दिवशी तू आली होतीस. आठवतंय मला. आई, हे मला सकाळी आठवत नव्हतं!"

मग त्या दोघी रोज एक गाडगे सोडू लागल्या. एका सांजेला वेणूला ताप होता आणि चित्कळा उशाशी बसली. एका सांजेला, याच घरी राहायच्या बोलीवर, वेणूचे लग्न ठरले आणि दोघी रडल्या. जे बुडाले होते, ते एकेक करून वेणूच्या आठवणीत परत आले. होता होता गाडी रिकामी झाली.

वेणू विचार करत बसली. "सगळं आठवतं," ती म्हणाली. "पण अगदी पहिल्या दिवशी तू आली नाहीस. मी दिवा लावला. तो विझेपर्यंत मी बसले होते. त्याचं गाडगं कुठं आहे?"

"ते माझ्यापाशी नाही," चित्कळा म्हणाली. "ती सांज मी साक्षीला दिली."

  मग वेणू उठली. तिने दिव्यात तेल घातले, वात सारखी केली आणि दिवा उंबऱ्यावर ठेवला.

"बाहेर जा," ती आईला म्हणाली. "कोपऱ्यावर जाऊन उभी राहा. आणि मग घरी ये."

चित्कळा कोपऱ्यापर्यंत गेली. गावातली गुरे परतत होती. घरोघरी चुली पेटल्या होत्या. तिथून तिने मागे वळून पाहिले, तर उंबऱ्यावर दिवा लागला होता आणि त्याच्यापाशी वेणू गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, लहान मुले बसतात तशी.

चित्कळा चालत दारापाशी आली.

"आलीस?" वेणूने विचारले.

"आले."